दुसरं आवर्तन

"मामा, अवतार आला! दुसरा!" मी फोनवर ओरडलो. आनंदानं ओरडलो हे खरं, पण मामांच्या गावात रेंज येते ती फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात, आणि तिथं म्हैस मध्येमध्ये बोलते.

"आवर्तन? दुसरं? आरं, रब्बीचं पयलंच अजून टेलला पोचलं नाय, दुसरं कोणी सोडलं?"

बाहेरच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हा विनोद वाटेल. आमच्या नगर जिल्ह्यात हा वर्तमानपत्राचा मथळा असतो. धरणातून कालव्याला, हेडपासून टेलपर्यंत म्हणजे तोंडापासून शेवटच्या टोकापर्यंत, ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात. त्याच्या तारखा बघून माणसं लग्नाच्या तारखा धरतात. मामा पाटबंधारे खात्यातले. १९७० साली पाटकरी म्हणून लागले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधली चौतीस वर्षं प्रवरेच्या पाटाच्या भरावावर सायकल मारत काढली. जेम्स कॅमेरूनचा 'अवतार' त्यांच्या कानात शिरताशिरता आवर्तन होतो, यात त्यांचा काय दोष?

दोष माझा, आणि तो जुना आहे. पहिला 'अवतार' १८ डिसेंबर २००९ला लागला तेव्हा मी पुण्यात शिकत होतो. खोलीतल्या मित्राबरोबर पहिल्याच आठवड्यात पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी मेसच्या पैशांत पुन्हा पाहिला. पुढचा महिना आम्ही दोघांनी उसळ-पाव खाऊन पँडोरावर काढला. रात्री पाऊल पडताच उजळणारं जंगल, हवेत तरंगणारे डोंगर, निळी माणसं. दुसरा भाग येईल तेव्हा पहिल्या रविवारी दोघांनी शेजारी बसून बघायचा, अशी शपथ आम्ही बादशाही थाटात घेतली. शपथ घेणारा मित्र आता न्यू जर्सीत असतो. त्यानं बायकोमुलांसह पाहून टाकला आणि मला फक्त अंगठा पाठवला.

सुट्टीत गावी आल्यावर मी हे उजळणारं जंगल मामांना हातवारे करकरून सांगितलं होतं. मामांनी तंबाखू मळत ऐकून घेतलं. म्हणाले, "जेठात ये." जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी मला स्कूटरवर मागं घातलं आणि भंडारदऱ्याच्या पलीकडं, घाटघरच्या रस्त्याला नेऊन दिवा मालवला. मिनिटभर काहीच नाही. मग समोरचं हिरड्याचं झाड चमकलं. सबंध झाड, एकाच वेळी. विझलं, आणि शेजारच्या बेहड्यानं उत्तर दिलं. मग सगळा उतार काजव्यांनी श्वास घेतल्यासारखा लुकलुकायला लागला. चष्मा न लावता थ्रीडी. मी गप्प. "ह्याला तिकीट नाय," मामा म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली. ती आठव्या किकेला सुरू झाली, तोवर सगळे काजवे बघून झाले होते.

त्यानंतर आमच्यात एक खेळ सुरू झाला. कॅमेरूननं दुसऱ्या भागाची तारीख आधी डिसेंबर २०१४ दिली होती. मग २०१६. मग २०१७. मग २०१८, २०२०, २०२१. प्रत्येक नवी तारीख मी मामांना वाचून दाखवायचो, आणि मामा त्यावर निळवंड्याच्या कालव्याची नवी तारीख ठेवायचे. पत्त्यांच्या डावात टाकतात तशी. "मार्चअखेर" हा त्यांचा हुकमाचा एक्का. कुठल्या सालाचा मार्च, ते खात्यानं कधी सांगितलं नाही आणि मामांनी कधी विचारलं नाही. चौथी तारीख चुकल्यावर मामांनी निर्वाळा दिला, "ह्यो क्यामेरून आपल्या खात्यातला दिसतोय."

आता निळवंडे सांगायला हवं. प्रवरा नदीवर वर भंडारदऱ्याचं धरण आहे. इंग्रजांनी १९१०मध्ये काम सुरू केलं, १९२६च्या डिसेंबरात गव्हर्नर विल्सननं लोकार्पण केलं, म्हणून त्याचं नाव विल्सन डॅम. अकरा टीएमसीचं. हा पहिला भाग. सुपरहिट. त्याच्या पाण्यावर खालचे तालुके उसानं हिरवे झाले, पण वरच्या अंगाचे अकोले-संगमनेरचे डोंगरपट्टे नदी शेजारून जात असताना कोरडेच राहिले. त्यांच्यासाठी दुसऱ्या धरणाची कल्पना निघाली १९७० साली, म्हणजे मामा नोकरीला लागले त्याच वर्षी. जागा आधी म्हाळादेवीला ठरली, मग सरकत सरकत निळवंड्याला गेली. खात्याच्या कागदावर या धरणाचं नावच मुळी 'निळवंडे २' आहे, म्हणजे सिक्वेलची परंपरा आमच्याकडे सरकारमान्य आहे. धरण बांधून झालं, आठ टीएमसीवर पाणी साठायला लागलं, आणि कालवे? ते मार्चअखेर.

तेव्हा मी तेरा वर्षं वाट पाहिली म्हणून डोळ्यांत पाणी आणलं, तर ते मामांपुढे चालण्यासारखं नव्हतं.

पण मामा माझ्याबरोबर सिनेमाला यायला तयार झाले ते दोन कारणांनी. एक म्हणजे सिनेमाचं पुढचं नाव. "द वे ऑफ वॉटर म्हंजी?" "पाण्याचा मार्ग." मामा ताठ बसले. प्रवरेच्या पाण्याचा मार्ग हा त्यांचा विषय. रतनगडाखाली उगम, भंडारदरा, निळवंडे, अकोले, संगमनेर, मग नेवासे, मग गोदावरी, आणि तिथून थेट मराठवाड्याचं धरण, जायकवाडी. शेवटचं नाव नगरी माणूस दातओठ खाऊन घेतो. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५चा, आणि त्यावरची भांडणं चौकातल्या पारावर रोजची. "त्या क्यामेरूनला जायकवाडी म्हाईत हाये का, बघू," मामा म्हणाले.

दुसरं कारण एसटी. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. मामा शहात्तरचे. तेव्हापासून ते घरी सापडत नाहीत. मामी सांगतात, एकदा मीठ आणायला गेले आणि नाशिकहून परत आले. तिथं मीठ महाग होतं म्हणून विनामिठाचेच आले.

निघायचा दिवस ठरला रविवार, १८ डिसेंबर २०२२. पहिल्या भागाला दिवसाच्या हिशेबानं तेरा वर्षं पूर्ण. मी भावुक झालो होतो, पण त्याच दिवशी राज्यभर हजारो ग्रामपंचायतींचं मतदान निघालं, आमच्या गावाचंही. मत दिल्याशिवाय मामा वेस ओलांडणार नाहीत. सकाळी साडेसातला केंद्र उघडलं तेव्हा रांगेत पहिले मामा आणि दुसरा मी. बाहेर आलो तेव्हा दोघांच्या डाव्या तर्जनीला निळी शाई. पँडोराला जायच्या आधीच आम्ही बोटभर निळे झालो होतो.

सव्वाआठच्या एसटीत गर्दी उलट्या दिशेची. पुण्या-मुंबईहून मतदानाला आलेली माणसं प्रत्येक फाट्यावर उतरत होती, आणि आम्ही दोघंच शाई लावून गाव सोडून चाललेलो. शेजारच्या गृहस्थानं हळूच विचारलं, "कोणाकडून?" म्हणजे तुमच्या प्रवासाचा खर्च कुठल्या पॅनेलकडे. मी म्हटलं, "पिक्चरला चाललोय, नगरला." त्यानं आमची निळी बोटं पाहिली, मामांची टोपी पाहिली, आणि खिडकीकडं तोंड वळवून म्हणाला, "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या."

राजूरला गाडी थांबली तेव्हा मामांनी पावशेर पेढे घेतले. राजूरला येऊन पेढे न घेणं म्हणजे आळंदीला जाऊन माउलीला न भेटणं. विठा घाट उतरताना त्यांनी निळवंड्याच्या दिशेनं बोट केलं आणि अख्ख्या गाडीला सांगितलं की पाणी आहे, कालवाबी हाये, फक्त त्यांची भेट व्हायचीय. गाडी हसली नाही. त्यातले निम्मे कालव्याच्या टेलचे होते.

अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. मामांनी खिडकीतून हात जोडले. संगमनेरला गाडी बदलली. तिथून पुढं लोणीचा रस्ता, आणि हंगाम डिसेंबरचा, म्हणजे पुढं उसाची ट्रॉली. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं चमकपट्टी नाही, वरून उसाची वाढी रस्त्यावर लोळणारी. सहकारी साखर कारखान्याची गोष्ट महाराष्ट्रात ज्या प्रवरेच्या कारखान्यापासून सुरू होते, त्या लोणीत, विठ्ठलराव विखे-पाटलांच्या गावात, घाई करणं अपमानास्पद ठरलं असतं. आम्ही त्या ट्रॉलीमागं बैलगाडीच्या चालीनं गेलो. ड्रायव्हरनं तेवढ्यात उसाचं एक कांडं ओढून घेतलं, असा माझा संशय आहे.

कोल्हारला पूल ओलांडताना मामा उभे राहिले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "दोनशे क्युसेक. फार तर सव्वादोनशे." हा त्यांचा नदीला नमस्कार. तिथून प्रवरा नेवाशाकडं वळली आणि आम्ही नगरकडं. नगर-मनमाड रस्त्यावर पुढचा तास कसा गेला ते मणक्याला विचारावं. हवेत तरंगणारे डोंगर कॅमेरूननं दाखवले, हवेत तरंगणारे प्रवासी मी तिथं पाहिले. राहुरी गेली, कृषी विद्यापीठ गेलं, विळद घाट चढला, आणि दीडच्या सुमाराला कंडक्टर ओरडला, "नगर, नगर, तारकपूर!" तेव्हा पाटीवर अहमदनगर होतं. आता अहिल्यानगर आहे. कंडक्टर तेव्हाही 'नगर' ओरडायचा, आताही तेच ओरडतो.

थिएटरच्या दारात झडती. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. मामांनी पेढ्याचा पुडा कुठं ठेवला हे मला आत गेल्यावर कळलं. त्यांनी टोपी काढली आणि डोक्यावरून पुडा काढून मांडीवर ठेवला. "गांधींनी टोपी उगंच नाय काढली," एवढंच बोलले.

मला इंग्रजीत पाहायचा होता, खेळ हिंदीचा होता. भारतात हा सिनेमा सहा भाषांत आला होता, त्यात मराठी नव्हती. ती उणीव पुढचे तीन तास बारा मिनिटं मामांनी भरून काढली.

दिवे गेले. मी चष्मा चढवला, आणि ते जंगल पुन्हा समोर आलं. काय सांगू! नाकाचा शेंडा गरम झाला. मित्र आठवला, खोली आठवली, उसळ आठवली. चष्म्याच्या आत दोन थेंब साचले आणि निळी माणसं आणखीच खोल दिसायला लागली. शेजारून आवाज आला, "ह्यो चष्मा काढला का दोन दोन दिसत्यात. मोतीबिंदूच्या आदी मला अस्संच दिसायचं. फुकट."

पहिल्या भागात बाणांनी मेलेला कर्नल क्वारिच या भागात निळं अंग घेऊन परत येतो.

"मेला व्हता ना ह्यो?"

"हो मामा. पण त्याच्या आठवणी साठवून ठेवल्या होत्या, त्या नव्या शरीरात..."

"कळलं. काळ्या यादीतला ठेकेदार. नवीन नावानं टेंडर भरलं."

पुढच्या रांगेतला मुलगा मागं वळून हसला. तेरा वर्षं मी या सिनेमाचे सिद्धान्त रचले होते, त्यांतल्या एकातही क्वारिचचा इतका नेमका खुलासा नव्हता.

मग नायक जेक आपलं कुटुंब घेऊन जंगल सोडतो आणि समुद्राकाठच्या लोकांकडं आसऱ्याला जातो. पडदाभर पाणी पसरलं. निळं, हिरवं, आरपार. सगळं थिएटर गार पडलं. पाण्याखालचे प्रसंग खरोखर पाण्यातच टिपलेत, केट विन्स्लेट त्यासाठी सात मिनिटांहून जास्त श्वास रोखून राहिली, नऊ लाख गॅलनची टाकी बांधली होती, हे मी मामांच्या कानात भक्तिभावानं सांगितलं. मामांनी अंधारात बोटं मोडली. "चौतीस लाख लिटर. शंभर क्युसेकनं सोडलं तर वीस मिन्टांत भरंल." मी घरी येऊन हिशेब केला. बरोबर वीस मिनिटं येतात.

"पण ह्ये सगळं खारं ना?" थोड्या वेळानं मामा.

"समुद्रच आहे."

"मंग काय उपेग? यक एकर भिजायचं नाय." त्यांनी पेढा तोंडात टाकला. समुद्रातले लोक जेकच्या पोरांना शिकवत होते की पाण्याला आदि नाही, अंत नाही. मामा एकदम सावध झाले. "हेड नाय, टेल नाय? पाणीपट्टी वसूल कोणाकडनं करायची?"

मी त्यांना गप्प करायचं सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर मध्यंतरानंतर मीच त्यांच्या बोलण्याची वाट बघायला लागलो. कारण, इतकी वर्षं मनात झाकून ठेवलेली गोष्ट आता बोलतोच, गोष्ट पातळ होती. पुन्हा तोच खलनायक, पुन्हा पोरांना ओलीस धरणं, पुन्हा बुडतं जहाज. 'टायटॅनिक' बुडवून कॅमेरूनची हौस फिटलेली दिसत नाही. चाहत्याच्या पोटात हे कळत असतं, पण तो ते कळू देत नाही.

तेवढ्यात ते देवमाशासारखे प्राणी आले. माणसं त्यांना मारून मेंदूतून एक सोनेरी द्रव काढतात. त्यानं म्हातारपण थांबतं, आणि त्या द्रवाचं नाव पडद्यावर उच्चारलं गेलं. अमृता.

मामा खुर्चीतून अर्धे उठले. "अमृत? आरं ते आपल्याकडचं!" आणि मग त्या अंधारात मला समुद्रमंथनाचं नगर प्रकरण ऐकावं लागलं. विष्णूनं मोहिनीचं रूप घेऊन अमृत वाटलं ते नेवाशाला, तिथं मोहिनीराजाचं देऊळ हाये. म्हणून प्रवरेला अमृतवाहिनी म्हणत्यात. राहू पंक्तीत घुसला, त्याचं मुंडकं उडवलं, त्यावरनं राहुरी. "आत्ताच आलो आपुन तिथनं." मोहिनीराजच्या देवळापासून माशाच्या मेंदूपर्यंत अमृताचा असा ऱ्हास झालेला पाहून ते खिन्न झाले. थोरला मुलगा मरतो तिथं मात्र त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली. या वेळी टोपीत काही नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा अंधारलं होतं. मामांनी विचारलं, "कसा व्हता?"

तेरा वर्षांत या प्रश्नाच्या उत्तराची मी हजारदा तालीम केली होती. तोंडातून निघालं, "चष्म्याला ओरखडे होते."

मामांनी माझ्याकडं नीट बघितलं, पण काही म्हणाले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांचं एकच परीक्षण: "पाणी झकास दावलं. पण अकोल्याच्या अगस्तीनं अख्खा समुद्र एका घोटात पिला व्हता. आपला ऋषी तिथं असता तर पिक्चर इंटरवलच्या आतच खपला असता."

ही हकिकत इथं संपली असती. पण ३१ मे २०२३ला मामांचा फोन आला, बहुधा म्हशीला ढकलून. "रजा टाक. सुटतंय." या वेळी खरंच आवर्तनासारखं काहीतरी होतं. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सोडणार होते. मी विचारलं, "दुसरा भाग?" मामा म्हणाले, "त्रेपन्न वर्सांनी."

पाणी सोडायच्या जागी मंत्री, मंडप, गर्दी. मामांनी तिकडं जायला नकार दिला. आम्ही खाली, कालव्याच्या भरावावर बाभळीच्या सावलीत बसलो. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, टोपीला कडक इस्त्री. आजूबाजूला बायका आरतीचं ताट घेऊन, पोरं कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळत. तास गेला. मग वरच्या वळणावरनं पोरं ओरडत पळत आली आणि त्यांच्या मागं पाणी. सिनेमातल्यासारखं निळं अजिबात नव्हतं. गढूळ, फेसाळ, वाळला पाला, काटक्या आणि एक स्लिपर पुढं ढकलत, माणूस चालतो त्या गतीनं. बायकांनी हळदकुंकू टाकलं. कुणीतरी नारळ फोडला. मामा उठले आणि पाण्याच्या तोंडाबरोबर भरावावरून चालायला लागले. मी मागं. पाणी थांबलं की मामा थांबायचे, पुढं सरकलं की सरकायचे. बरंच अंतर गेल्यावर ते थांबले, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"कसं वाटतंय मामा?"

मामांनी चष्मा लावला, पलीकडच्या काठाकडं बोट केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या जॉइंटातनं पाझरतंय बघ."

मी म्हटलं, "ओरखडे असतील."

मामा हसले. आम्ही बाभळीखाली परत येऊन पेढे खाल्ले. मग त्यांनी विचारलं, "तिसऱ्याची तारीख?"

"कशाच्या? उजव्या कालव्याच्या की..."

"क्यामेरूनच्या. उजव्याची मला म्हाईत हाये. मार्चअखेर."

"२० डिसेंबर २०२४."

मामांनी मान हलवली. पंधरवडाही उलटला नसेल, बातमी आली की तिसरा भाग वर्षभर पुढं ढकलला, आता १९ डिसेंबर २०२५. मी लगेच फोन लावला. मागं एसटीची घंटी वाजत होती. कुठं होते देव जाणे. मी तारीख सांगितली. फोन कानापासून दूर गेला आणि मामा शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगताना ऐकू आले, "भाचा हाये माझा. त्या क्यामेरूनचं सांगतोय. आपल्याच खात्यातला हाये तो, डेप्युटेशनवर असतो तिकडं."